गुरगुरणारा खंड्या आणि खरं बोलणाऱ्या ताई

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

आम्ही दोघं नोकरी करणारे. मुलगा ९ वर्षांचा, सासूबाई ७४ च्या. कुत्रा आणायचा हट्ट मुलाचा, पण खरं सांगायचं तर ओढ मलाच जास्त आहे. विकत आणायचा नाही, हे पहिल्यापासून ठरलेलं. ओळखीतून एका फॉस्टर घराचा, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत कुत्रा सांभाळणाऱ्या घराचा, पत्ता मिळाला. तिथे खंड्या आहे (नाव बदललंय). वय साधारण ३ वर्षं, रस्त्यावरून जखमी अवस्थेत उचललेला, गेले ८ महिने त्या ताईंकडे. आम्ही भेटायला गेलो तेव्हा तो ताईंच्या पायावर डोकं ठेवून पडला होता आणि मला एकदम अपराधी वाटलं. ह्याला इथून न्यायचं म्हणजे पुन्हा एकदा बेघरच करायचं ना?

त्यात ताईंनी त्याच्या सगळ्या खोडी सांगितल्या. जेवताना कुणी जवळ गेलं की गुरगुरतो, काठी किंवा उगारलेला हात दिसला की पलंगाखाली जातो, अनोळखी पुरुषांना बिचकतो. एवढं सांगितलं त्याअर्थी न सांगितलेलं आणखी बरंच असणार, असं नवऱ्याला वाटतं. शिवाय ताईंनी आम्हालाच इतके प्रश्न विचारले की तो चिडला. 'उपकार आपण करायचे आणि मुलाखतही आपलीच!' त्याचं म्हणणं, पिल्लूच आणू, आपल्या हाताखाली वाढेल. पहिल्या दिवसापासून मालक कोण ते दाखवलं की कुत्रा सरळ राहतो.

सासूबाई काठी घेऊन चालतात आणि कुत्र्यांना घाबरतात, पण 'तुम्हाला हवं ते करा' म्हणाल्यात. त्या दिवसभर घरी असतात, त्यामुळे कुत्रा एकटा पडणार नाही, हा मोठाच फायदा. मायेनं वागवलं तर खंड्या आमचे उपकार जन्मभर विसरणार नाही असं मला वाटतं. पण तो खरंच आमचा होईल का? की पिल्लू आणणंच शहाणपणाचं?

उत्तर:

'तो आमचा होईल का' ह्याचं उत्तर आधी देऊन टाकते, कारण ते तुम्हाला वाटतं तितकं अवघड नाही. होईल. रस्त्यावरून जखमी आलेला कुत्रा ८ महिन्यांत एका अनोळखी बाईच्या पायावर डोकं टाकून झोपायला लागला, म्हणजे माणसावर विसंबणं त्याला जमतं. एकदा एकाला जीव लावला की दुसऱ्यासाठी काही उरत नाही, असं कुत्र्यांचं नसतं. उलट कुणाचाच लळा न लागलेल्या कुत्र्याबद्दल तुम्ही हे विचारलं असतंत तर मी जास्त विचारात पडले असते.

पहिले काही दिवस तो ताईंना शोधेल, हे मात्र धरून चाला. दाराशी जाऊन बसेल, रात्री कण्हेल, एखाददुसऱ्या वेळी खाण्याला तोंड लावणार नाही. हे बघवत नाही, आणि नेमकं ह्याच वेळी बरीच माणसं कुत्र्याला उचलून कवटाळत बसतात. तसं करू नका. जवळपास बसा, आपलं काम करत राहा, तो आपणहून आला तर छातीवर किंवा मानेच्या बाजूला खाजवा. डोक्यावरून हात येताना बिचकणारी कुत्री पुष्कळ असतात, आणि खंड्याला तर उगारलेल्या हाताची भीती आहे.

राहिला बेघर करण्याचा मुद्दा. फॉस्टर घर मुळात तात्पुरतंच असतं. ताईंना त्याला कायमचं ठेवायचं असतं तर तुम्हाला भेटायला बोलावलंच नसतं. ह्या मंडळींत एक शब्द आहे, 'फॉस्टर फेल'. सांभाळायला म्हणून आणला आणि पुढे द्यायचा जीवच झाला नाही, तर गमतीनं तसं म्हणतात. मन फारच खात असेल तर ताईंना एकदा सरळ विचारा, 'तुम्हाला त्याला ठेवायचंय का?' नाही म्हणाल्या तर विषय तिथे संपवा. त्यांच्याकडची जागा रिकामी झाली की रस्त्यावरचा पुढचा जखमी कुत्रा तिथे येऊ शकतो. अपराधी वाटून घ्यायचंच तर त्याच्यासाठी वाटून घ्या, जो अजून बाहेर आहे.

आता नवऱ्याचा संशय. एवढं सांगतात त्याअर्थी आणखी लपवत असणार, हा तर्क माणसांच्या व्यवहारात कधी कधी खरा ठरतो. इथे मात्र मी नेमकं उलटं म्हणेन. ज्याला काही लपवायचंय तो जेवणाच्या भांड्यावरचं गुरगुरणं सगळ्यात आधी लपवील. घरात ९ वर्षांचं मूल आहे म्हटल्यावर तर नक्कीच. ताईंनी ते आपणहून सांगितलं. ह्यातून त्यांचा हिशेब कळतो: कुत्रा एकदाचा खपवणं हा त्यांचा हेतू नाही, तो परत येऊ नये हा आहे.

पिंजऱ्यात भेटलेला कुत्रा आणि घरात भेटलेला कुत्रा ह्यांत फार फरक असतो. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या एका आश्रयस्थानात आलेल्या कुत्र्यांचं रक्त तपासलं होतं. तिथे येऊन जास्त दिवस झालेल्या कुत्र्यांपेक्षा पहिल्या ३ दिवसांतल्या कुत्र्यांच्या रक्तात कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, बरंच जास्त निघालं. अशा अवस्थेतलं जनावर बघून त्याचा स्वभाव ठरवणं म्हणजे गाडी चुकलेल्या माणसाला फलाटावर भेटून तो घरी कसा वागत असेल ते सांगणं. कुणी त्यात गप्प बसतो आणि आपण म्हणतो, किती शांत आहे. कुणी जाळीवर उड्या मारतो आणि आपण म्हणतो, हा काही आपल्याला झेपायचा नाही. दोन्ही अंदाज घरी आल्यावर कोसळू शकतात. खंड्याचं तसं नाही. दाराची घंटा वाजल्यावर तो काय करतो, रात्री कुठे झोपतो, मिक्सर लागला की कुठे पळतो, हे सगळं पाहिलेला माणूस तुमच्यासमोर बसला होता. ज्या कुत्र्याच्या खोडींची यादी नसते त्याच्यात खोडी नसतात असं नाही, त्या अजून कुणी पाहिलेल्या नसतात एवढंच.

म्हणून ती 'मुलाखत' उलटवा. चिडून नाही, वहीत प्रश्न लिहून घेऊन. गुरगुरतो म्हणजे किती अंतरावरून, हातभर की खोलीच्या दारातून? फक्त जेवणावर, की चघळायच्या वस्तूवर, अंथरुणावर, सोफ्यावर, ताईंच्या शेजारच्या जागेवरही? कधी दात लावलेत का? लावले तर नुसता स्पर्श झाला, की कातडी फुटली? मुलांबरोबर किती वेळ राहिलाय, आणि ती मुलं केवढी होती? घरात एकटा किती तास राहतो, आणि तेव्हा काय करतो? कुलूप लावून निघाल्यावर भुंकतो का, हे शेजाऱ्यांनाच माहीत असतं, तेव्हा तेही विचारून घ्यायला सांगा. 'चांगला आहे हो तसा' हे उत्तर चालवून घेऊ नका, प्रसंग सांगायला सांगा.

त्यांच्या प्रश्नांमागचं कारणही नवऱ्याला सांगून बघा. बाल्कनीला जाळी आहे का, फाटक नीट लागतं का, हे विचारण्याचं कारण साधं आहे: नव्या घरी आणलेला कुत्रा पहिल्या दिवसांत पळून जाण्याची भीती सगळ्यात जास्त असते. गावाला गेलात तर कोण सांभाळेल, बदली झाली तर काय, घरातल्या प्रत्येकाची तयारी आहे का, ह्यातला एकही प्रश्न आगाऊ नाही. तुम्ही ते एकमेकांना विचारायला हवे होते, ते आधी ताईंनी विचारले एवढंच. कागदावर सही घेणार असतील तर आणखी चांगलं. अशा करारात बहुधा एक अट असते: जमलं नाही तर कुत्रा दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही, आमच्याकडेच परत आणायचा. वाचताना ती जाचक वाटते. खरं तर तुम्हाला मागे फिरायची वाट त्यात ठेवलेली असते.

आता पिल्लू. नवऱ्याच्या बोलण्यातली इच्छा मला समजते. पहिल्यापासून आपलं असलेलं काहीतरी हवं, ह्यात गैर काही नाही. पण पिल्लू ही कोरी पाटी आहे, हे गृहीत मला मान्य नाही. अमेरिकेतल्या बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर ह्यांनी अनेक वर्षं पिल्लांचा अभ्यास केला, तो १९६५ साली प्रसिद्ध झाला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात जे जग पिल्लाच्या ओळखीचं होतं त्याची भीती त्याला पुढे कमी वाटते, हे त्यातून पुढे आलं. पिल्लू घरी येतं तेच मुळात आठव्या आठवड्याच्या आसपास किंवा त्यानंतर. म्हणजे पाटीवर अर्धं लिहून झालेलं असतं, आणि लिहिणारे आपण नसतो. मोठेपणी ते केवढं होईल, मुलांना सोसेल का, आवाजांना घाबरेल का, ह्यातलं काहीच आज कुणी सांगू शकत नाही.

शिवाय पिल्लू म्हणजे दर दोन-तीन तासांनी शूला बाहेर नेणं, रात्रीसुद्धा. दुधाचे दात पडून पक्के दात येईपर्यंत, म्हणजे सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत, हाताला लागेल ते चावणं. मग वयात येण्याचा काळ, जेव्हा शिकवलेलं सगळं ते विसरल्यासारखं करतं आणि माणसं खरी वैतागतात. सकाळी दोघंही कामाला जाणाऱ्या घरात हे कोण करणार? तुमच्या तीन पर्यायांत, म्हणजे खंड्या, पिल्लू आणि तूर्त काहीच नाही, ह्यांत मला पिल्लू सगळ्यात शेवटी दिसतं. काठी घेऊन चालणाऱ्या माणसाच्या पायात घुटमळायला पिल्लाइतकं पटाईत दुसरं काही नाही.

इथे मी थांबून तुमच्या पत्रातल्या एका वाक्याकडे परत जाते. तुम्ही ते फायदा म्हणून लिहिलंय. सासूबाई दिवसभर घरी असतात, त्यामुळे कुत्रा एकटा पडणार नाही.

दोघं सकाळी निघालात, मुलगा शाळेत गेला. दार लागलं. आता घरात दोघंच उरले. एक कुत्र्यांना घाबरणाऱ्या, काठी टेकत चालणाऱ्या ७४ वर्षांच्या बाई, आणि दुसरा काठीला घाबरणारा कुत्रा. त्या स्वयंपाकघरात जायला उठल्या की काठी आपटणार. काठी आपटली की हा पलंगाखाली. हा अचानक पळाला की त्या दचकणार. संध्याकाळपर्यंत दोघंही एकमेकांवर नजर ठेवून बसलेले. खंड्या तुमचा होईल का, हे तुम्ही मला विचारलंत. मला पडलेला प्रश्न असा आहे की रोज सकाळी ९ ते संध्याकाळी ६ तो कुणाचा असेल?

पडण्याची भीती मनाची नाही, खरी आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं २००१ ते २००६ ह्या काळातल्या नोंदींवरून काढलेला अंदाज असा, की तिथे दर वर्षी ८६ हजारांहून जास्त माणसं घरच्या कुत्र्यामांजरांमुळे पडून जखमी होतात. त्यांत कुत्र्यांचा वाटा खूपच मोठा, आणि हाड मोडण्याचं प्रमाण सर्वांत जास्त ते ७५ च्या पुढच्या माणसांत. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. सासूबाई 'मला भीती वाटते' म्हणतात तेव्हा त्यांची भीती फक्त चावण्याची नसेल, पडण्याचीही असेल, आणि ती रास्त आहे, एवढंच.

आणि 'तुम्हाला हवं ते करा' हा होकार नव्हे. ते कुठल्या सुरात म्हटलं जातं हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यांच्याजवळ बसून नीट विचारा: नेमकी कशाची भीती वाटते? अंगावर उडी मारेल ह्याची, चाटेल ह्याची, रात्री बाथरूमला जाताना पायात येईल ह्याची? लहानपणी कधी कुत्रा चावला होता का? पुष्कळदा ह्यातून अशी एखादी गोष्ट निघते, जी घरात कुणालाच माहीत नसते. आणि बोलून झाल्यावर त्या स्पष्ट नाही म्हणाल्या, तर ते नाही धरायचं. ज्या घरात एका माणसाचा नकार मोजला गेला नाही, तिथे पुढे सगळा राग कुत्र्यावर निघतो.

नाही म्हणाल्या नाहीत, नुसत्या घाबरल्यात, तर काम करता येतं. ताईंना विनंती करा, की घरात एक काठी नुसती जमिनीवर आडवी ठेवा आणि खंड्याचं आवडतं काहीतरी तिच्यापासून लांब टाका. तो निवांत खातोय असं दिसलं की दुसऱ्या दिवशी वीतभर जवळ. पुढे काठी उभी, मग हातात, मग हळूच टेकलेली. कुत्रा खातोय की नाही हे इथलं साधं माप आहे. फार घाबरलेला कुत्रा आवडीच्या खाण्यालाही तोंड लावत नाही. खायचं थांबला म्हणजे आपण घाई केली, मागे जायचं. हे ताईंकडे सुरू झालं की सासूबाईंना एकदा तिकडे घेऊन जा. त्यांनी खुर्चीत बसायचं, काठी शेजारी आडवी, खंड्याकडे बघायचंही नाही. कुणीही 'अगं घाबरू नकोस, काही करत नाही' म्हणायचं नाही, ना सासूबाईंना ना खंड्याला. दुसऱ्या भेटीत त्यांच्या हातून लांबवर एखादा तुकडा टाकून बघा. अशा दोन-तीन भेटी झाल्या की ह्या दोघांचं जमण्यातलं आहे का, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल.

घरी आणल्यावरही सासूबाईंची खोली कुत्र्यासाठी कायमची बंद राहू द्या. दाराला लहान फाटक बसवा, म्हणजे त्यांना कोंडून घ्यावं लागणार नाही. तुम्ही नसताना खंड्याचीही स्वतःची खोली असावी. दुपारी एकदा कुणीतरी येऊन त्याला फिरवून आणील अशी पगारी व्यवस्था करा, आणि ती तो येण्याआधी करा. सासूबाईंवर कुत्र्याचं एकही काम पडता कामा नये. पुढेमागे त्यांनी आपणहून घेतलं तर गोष्ट वेगळी. आणखी एक, त्यांच्या गोळ्या उंचावर ठेवा. आपण सर्रास घेतो त्या पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या कुत्र्याला विषासारख्या आहेत. तेच द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा आणि झायलिटॉल घातलेल्या बिनसाखरेच्या वस्तूंचं.

जेवणावरच्या गुरगुरण्याबद्दल तुम्ही फार घाबरलेल्या दिसता, आणि मुलगा आहे म्हटल्यावर ते साहजिक आहे. पण गुरगुरणं म्हणजे सूचना. कुत्रा म्हणतोय, 'मला हे आवडत नाहीये, लांब हो.' गुरगुरल्याबद्दल रट्टा मिळाला तर तो गुरगुरणं सोडतो, मनातली धास्ती मात्र तशीच राहते, आणि मग पुढच्या वेळी सूचना न देता दात येतात. 'काही केलं नव्हतं हो, एकदम चावला' अशा गोष्टींच्या मागे बऱ्याचदा हेच असतं. 'सवय व्हावी' म्हणून जेवणाऱ्या कुत्र्याच्या भांड्यात हात घालणं किंवा भांडं काढून घेऊन परत देणं, हा प्रकार कुणी सुचवला तर सोडून द्या. तुमच्या ताटात रोज कुणी हात घातला तर तुम्हालाही सवय होणार नाही.

करायचं ते असं. तो दार लावलेल्या खोलीत जेवेल, भांडं रिकामं होऊन तो बाहेर आल्यावरच मोठं माणूस ते उचलेल. मुलाला नियम एकच, खंड्या जेवतोय तेव्हा ती खोली नाहीच. हे एवढं केलं तरी निम्मं काम झालं, आणि काही घरांत जन्मभर एवढ्यावरच भागतं. पुढे जायचं असेल तर महिन्याभरानं मोठ्या माणसानं लांबून जाताना भांड्याकडे काहीतरी जास्त चविष्ट टाकायचं आणि न थांबता निघून जायचं. माणूस जवळ आला की माझं कमी होत नाही, वाढतं, हे त्याला कळायला हवं. त्याच्याकडे बघायला शिका: चघळता चघळता थांबला, एकदम भराभर गिळायला लागला, अंग ताठ झालं, मान न हलवता डोळ्याचा पांढरा भाग दाखवत तिरपं बघतोय, तर तुम्ही फार जवळ आहात. गुरगुरणं ह्याच्यानंतर येतं. हे बघायची सवय मुलालाही लावा, मुलं ह्यात मोठ्यांपेक्षा लवकर तरबेज होतात.

मुलाला आणखी दोन-तीन गोष्टी पक्क्या सांगा. झोपलेल्या खंड्याला हात लावायचा नाही. त्याच्या अंथरुणावर जायचं नाही. गळ्यात हात टाकून मिठी मारायची नाही, मित्र आले असतील तेव्हा तर अजिबात नाही. आणि पहिले कित्येक महिने दोघांना एकटं सोडायचं नाही. लक्ष ठेवणं म्हणजे शेजारच्या खोलीत मोबाइल बघत बसणं नव्हे. कधी चुकून दात लागलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, कुत्र्याला लस दिलेली असली तरीही.

ताईंकडून मात्र असं कळलं की तो माणसांवर, जागेवर, कशावरही गुरगुरतो, कधी काय खटकेल सांगता येत नाही, किंवा कुणाची कातडी फुटेपर्यंत चावलाय, तर खंड्या तुमच्या घरासाठी नाही. मुलं नसलेलं, अनुभवी घर त्याला मिळू द्या. मग कीव आली म्हणून आणू नका.

उपकारांबद्दल. मायेनं वागवलं तर तो जन्मभर विसरणार नाही, असं तुम्ही लिहिलंत, नवरा म्हणाला उपकार आपण करतोय. दोघं वेगवेगळ्या बाजूंनी एकच खातं उघडून बसलात. कुत्रा तसं खातं ठेवत नाही. महिन्याभरानं तो तुमची चप्पल फाडेल किंवा नवऱ्याला बघून सोफ्यामागे जाईल, तेव्हा 'एवढं करूनसुद्धा?' हा विचार मनात आला की समजा, हेच खातं बोलतंय. त्याला काठीची भीती तुमच्या घरात यायच्या कितीतरी आधीपासून आहे, तिचा तुमच्या मायेशी संबंध नाही. पुरुषांना बिचकत असेल तर नवऱ्यानं सुरुवातीला फक्त खायला टाकणारा माणूस व्हावं. समोरून चालत जाऊ नये, वरून वाकू नये, बाजूला जमिनीवर बसावं.

'मालक कोण ते दाखवा' ह्या सल्ल्याचं मूळही नवऱ्याला सांगा. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल ह्यांनी १९४७ साली कोंडून ठेवलेल्या लांडग्यांच्या भांडणांवर लिहिलं, त्यावरून कळपात सतत म्होरकेपणाची लढाई चालते अशी समजूत पसरली. पुढे तीच कुत्र्यांना चिकटवली गेली. ही कल्पना ज्यांच्या लिखाणातून आणखी लोकप्रिय झाली त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक ह्यांनीच मोकळ्या रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहून १९९९ मध्ये मांडलं, की तो कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पोरं असतात. दाबून, उलथं पाडून, डोळे वटारून खंड्यासारख्या कुत्र्याला एकच गोष्ट शिकवता येईल, की ताईंच्या घराबाहेर माणसं पुन्हा पहिल्यासारखीच आहेत.

आणायचं ठरलंच, तर कुत्री सांभाळून पुढे देणारी मंडळी ३ दिवस, ३ आठवडे, ३ महिने असा एक ठोकताळा सांगतात. तीन दिवस बावरलेला, तीन आठवड्यांत घरचा दिनक्रम ओळखू लागतो, तीन महिन्यांनी घर आपलं वाटायला लागतं. ठोकताळाच आहे, पंचांग नव्हे, खंड्याला जास्तही लागेल. एक नेहमी चकवतं: पहिल्या आठवड्यात गुणी वाटलेला कुत्रा तिसऱ्या आठवड्यात भुंकायला, हट्ट करायला लागतो, आणि लोकांना वाटतं तो बिघडला. तो फक्त मोकळा झालेला असतो.

ताईंकडून त्याचं अंथरूण किंवा वासाचा एखादा कपडा न धुता मागून घ्या. खाणं पहिले काही दिवस तिथलंच, बदलायचं तर आठ-दहा दिवसांत थोडं थोडं मिसळत. बस, थांब, चल हे त्या कुठल्या शब्दांत सांगतात ते लिहून घ्या. बाहेर नेताना गळ्यात पट्टा आणि अंगात हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा, दोन्हीला दोरी, पट्ट्यावर तुमचा फोन नंबर. पहिल्या दिवशी आंघोळ नको, नातेवाइकांना बघायला बोलावणं नको. पहिल्या आठवड्यापासूनच मिनिटभर, मग पाच मिनिटं घराबाहेर जाऊन परत या, म्हणजे तुम्ही जाता आणि येता हे त्याला कळेल. ह्या कामासाठी दोघांपैकी एकानं तरी आठवडाभराची रजा टाका, दोघांनी पाठोपाठ टाकली तर उत्तम.

दवाखान्याचं थोडक्यात. रेबीज आणि डिस्टेंपर-पार्व्होच्या लसींच्या नोंदी, जंताचं औषध, नसबंदी झाल्याचा कागद मागा. रस्त्यावरचा कुत्रा आहे, तेव्हा गोचिडतापासाठी रक्त तपासलंय का ते विचारा. त्यातला एर्लिकिया ह्या जंतूचा संसर्ग वरून काही न दिसता कित्येक महिने अंगात राहू शकतो. मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप, असेल तर तिचा १५ आकडी नंबर आपल्या नावावर करून घ्या, हे बरेच जण विसरतात.

माझं मत विचाराल तर आज हो म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका. आधी सासूबाईंशी बोला, मग दिवसभराची व्यवस्था कागदावर मांडा, मग भेटी. त्या भेटींत काठीचं जमतंय असं दिसलं आणि गुरगुरणं खरोखर भांड्यापुरतंच निघालं, तर ताईंना विचारा, की दोन-तीन आठवडे त्याला आमच्या घरी ठेवून बघता येईल का. बऱ्याच फॉस्टर घरांना हे चालतं. पण 'आवडला तर ठेवू' अशा हिशेबानं नाही, काय झालं तर परत न्यायचा हे दोन्ही बाजूंनी आधी बोलून. आणि काठीचं काही केल्या जमत नसेल, तर त्याच ताईंना किंवा त्यांच्या ओळखीतल्या इतरांना सांगा, की आम्हाला सात-आठ वर्षांचा, वृद्ध माणसांबरोबर राहिलेला, निवांत कुत्रा चालेल. अशी कुत्री फॉस्टर घरांत फार दिवस पडून असतात, कारण सगळ्यांना पिल्लू हवं असतं. ९ वर्षांच्या मुलाला लोळणारा, म्हाताऱ्या चालीनं फिरायला येणारा सोबती कमी पडेल असं मला वाटत नाही.

जे ठरेल ते ताईंना पंधरा दिवसांच्या आत कळवा. तुमचा होकार टांगलेला असेपर्यंत त्या दुसऱ्या कुणाला खंड्या दाखवणार नाहीत.